घाटातच पेटणारा दिवा: मिस्त्रीभाऊंच्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली, आणि आज सकाळी गाडीचं बॉनेट उघडून पुन्हा एकदा. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. पिकअपचा चेक इंजिनचा दिवा, म्हणजे इंजिनात दोष असल्याचं सांगणारा समोरचा पिवळा दिवा, पुन्हा पुन्हा का लागतो यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता: बावीस वर्षं गॅरेज चालवतोय, बॅटरीची तार दहा मिनिटं काढली की दिवा जातो आणि माणूस कामाला लागतो. संत्रा भरून उभ्या असलेल्या माणसाला तुमचे आकडे काय कामाचे? पी ०२९९ (गाडीचा कॉम्प्युटर दाखवतो तो दोषाचा कोड) म्हणजे टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा), त्यात शोधायचं काय? आणि तुमचीच गाडी तीन महिने बरी झाली नाही, तर आम्हाला काय शिकवता? शेवटी तुम्ही हेही लिहिलं आहे, की हाच कोड दाखवणारी एक गाडी तुमच्याकडे उभी आहे आणि सोमवारी तिचा टर्बो उतरवणार आहात.

त्या शेवटच्या वाक्यामुळे हातातलं काम बाजूला ठेवून हे लिहायला बसलो.

आधी माझ्या चुका. "दिवा विझवणारे मिस्त्री" असं मी लिहायला नको होतं. रात्री अकरा वाजता आडरस्त्यावर गाडी बंद पडली तर हातात टॉर्च घेऊन येणारा माणूस तुमच्यासारखाच असतो, हे मला माहीत आहे. ते शब्द काढून टाकले आहेत. दुसरी चूक तुम्ही नेमकी पकडली. गाडी चालवण्याच्या सलग दोन फेऱ्यांत दोष दिसला तरच दिवा लागतो, असं मी सरसकट लिहिलं होतं. बऱ्याच दोषांचं तसं असतं, पण काही दोषांत दिवा पहिल्याच वेळी लागतो. तेही दुरुस्त केलं.

पण पी ०२९९ म्हणजे टर्बो, हे मला मान्य नाही.

त्या कोडचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटरने जितका हवेचा दाब मागितला तितका इंजिनाच्या तोंडाशी पोचला नाही. आपल्या संत्र्याच्या बागेत ठिबकच्या शेवटच्या झाडाला पाणी पोचलं नाही, तर आपण आधी विहिरीतली मोटर उपसत नाही. लाइन धरून चालत जातो. कुठे नळी निसटली, कुठे खारीने कुरतडली, कुठे फिल्टर तुंबला, ते बघतो. इथेही तसंच आहे. एअर फिल्टर, टर्बो, तिथून इंटरकूलरपर्यंतचा पाइप, इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी), तिथून इंजिनापर्यंतचा पाइप, टर्बोला हुकूम देणारी व्हॅक्यूमची बारीक नळी, आणि शेवटी दाब मोजणारा सेन्सर. यातलं काहीही बिघडलं तरी कोड तोच येतो. आणि या सगळ्यात महाग वस्तू टर्बो आहे.

माझ्या गाडीचं सांगतो. २०२१ची डिझेल पिकअप, म्हणजे बीएस-६, धुराच्या नव्या कडक नियमांतली. मोर्शीकडून संत्रा भरायचा आणि नागपूरला कळमन्याला उतरवायचा, हंगामात आठवड्याला दोन खेपा. तळेगावच्या पुढे सत्याग्रही घाटात दिवा लागायचा. ड्रायव्हर पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "भाऊ, घाटात गाडी ओढूनच नाही राह्यली, रिकामी मस्त पळते." आख्खं निदान त्या एका वाक्यात होतं आणि मी ते ऐकलं नाही. पहिल्या गॅरेजात बॅटरीची तार काढली. दिवा गेला, पुढच्या भरलेल्या खेपेला परत आला. दुसऱ्या गॅरेजात स्कॅनर लावून कोड पुसला आणि टर्बोचा खर्च ३८ हजार सांगितला. दोन्हीकडे गाडी रिकामी उभी होती. उभ्या गाडीला टर्बोचं काम पडतच नाही. मग दोष दिसणार कसा?

यात बॅटरीची तार काढण्याचं नुकसान आलं. कोड पडतो त्या क्षणी कॉम्प्युटर इंजिनाची अवस्था टिपून ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही जाते. तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा मी काहीही पुसू दिलं नाही आणि ब्लूटूथचा साधा स्कॅनर लावून ती वाचली. वेग ३८, इंजिनाचे फेरे २१५०, लोड ९४ टक्के. म्हणजे चढ, भरलेली गाडी, पाय पूर्ण दाबलेला. ड्रायव्हरने सांगितलं तेच.

पुढच्या खेपेला मी शेजारी बसलो आणि मोबाइलवर दोन आकडे बघत गेलो, मागितलेला दाब आणि मिळालेला दाब. सपाट रस्त्यावर दोन्ही जवळजवळ सारखे. घाट लागला तसा मागितलेला २१० किलोपास्कलवर गेला आणि मिळालेला १४५वर अडकला. सेन्सर खोटं बोलतो का, हे आधी घरीच बघून घेतलं होतं. इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन केली, तर त्याने बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. आपल्या भागात तो ९६ ते ९८च्या आसपास येतो. माझा ९७ दाखवत होता. सेन्सर बरा होता.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप. इंटरकूलरकडून इंजिनाकडे येणारा रबरी पाइप वरून नवाच दिसत होता. खालून हात फिरवला तर बोटं काळी, तेलकट. एका पट्टीला घासून घासून तिथे बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती. गाडी उभी असताना चीर मिटलेली, दाब आला की उघडायची. पंक्चरवाल्याकडून पाइपात हवा भरून घेतली, दाब दहा पौंडाच्या वर जाऊ दिला नाही, आणि वर साबणाचं पाणी टाकलं. फेस नुसता उसळला. पाइप आणि दोन क्लिपा मिळून बावीसशे रुपये लागले. टर्बो अजून तोच आहे.

तीन महिने लागले हे खरं आहे, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्यातले अडीच महिने आम्ही दिवा विझवत बसलो होतो. शोधायला एक खेप आणि एक सकाळ लागली. त्या अडीच महिन्यांनी आणखी एक खर्च वाढवला, तो मी लेखात नीट लिहिला नव्हता. हवा कमी पडली की डिझेल पूर्ण जळत नाही, काजळी वाढते. जुन्या गाडीत ती काळा धूर होऊन बाहेर जायची. बीएस-६मध्ये ती सायलेन्सरच्या वाटेवरच्या डीपीएफ फिल्टरमध्ये साचते. तो फिल्टर स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी आतलं तापमान ६०० अंशांच्या घरात जावं लागतं आणि गाडी पंधरा-वीस मिनिटं न थांबता पळावी लागते. गाव, शेत, मंडी, पुन्हा गाव अशा तुटक फेऱ्यांत ते होत नाही. माझ्या गाडीला मग दुसरा कोड आला, पी २४६३, फिल्टरमध्ये काजळी जास्त झाल्याचा. आता कोणी म्हणालं असतं, फिल्टर बदला. तो टर्बोपेक्षाही महाग. पाइप बदलल्यावर स्कॅनरने हुकूम देऊन फिल्टर एकदा साफ करून घेतला, तो दिवा तेव्हापासून लागलेला नाही.

माल भरून उभ्या असलेल्या माणसाबद्दल तुम्ही बरोबर आहात. त्याला मी घाटात पाइप चाचपायला सांगणार नाही. दिवा पिवळा आणि स्थिर असेल, गाडीचा दम गेला नसेल, काटा गरम दाखवत नसेल, तर आधी कॅरेट उतरवून या. दम गेला असेल तर खालच्या गिअरमध्ये हळू चढा, पाय दाबून काळा धूर काढू नका. ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र तिथेच इंजिन बंद, माल सडला तरी चालेल. आणि कोड पुसायचाच असेल तर आधी स्क्रीनचा फोटो काढा, फ्रीझ फ्रेमसकट. दुरुस्ती झाल्यावर कोड मीही पुसतो, दोष परत येतो का ते बघायला. दुरुस्तीआधी पुसू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता तुमच्याकडची गाडी. सोमवारपर्यंत वेळ आहे. एअर फिल्टर काढून बघा. ती जिनिंगच्या फेऱ्या मारत असेल तर फिल्टरवर कापसाचं तूस गच्च बसलेलं असू शकतं. इंटरकूलरचे दोन्ही पाइप खालून चाचपा, वाकवून बघा, आतून टॉर्च मारा. मेमधल्या पंचेचाळीस अंशांत रबर कडक होतं आणि चीर वाकवल्याशिवाय दिसत नाही. व्हॅक्यूमची नळी शेवटपर्यंत बोटाने धरून जा, गाडी गोठ्याजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी सोडलेली नसते. मग टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून आतला पात्यांचा दांडा हलवा. आडवा किंचित हलला तर ते चालतं. पुढे-मागे हलला, किंवा पाती घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो खरंच गेलाय. मग खुशाल उतरवा, आणि मी चुकलो असं इथेच खाली लिहा, मी ते लेखात वर घेईन.

मालकाला फोन करून एवढं एक विचारा: दिवा रिकाम्या गाडीत लागतो का भरलेल्या? ते उत्तर मला सोमवारच्या आधी कळवा.