एकविसाव्या दिवशी काहीच घडत नाही

१ जानेवारी आणि गुढीपाडवा, वर्षातून दोनदा तरी हा मेसेज फॅमिली ग्रुपवर येऊन पडतोच. सार असं: कोणतीही गोष्ट सलग २१ दिवस केली की सवय लागते. एक दिवस चुकला तर पुन्हा शून्यापासून मोजा. ध्येय कागदावर लिहा, येल विद्यापीठाने ते सिद्ध केलंय. पहाटे पाचला उठा. आणि एवढं करूनही जमलं नाही तर तुमची इच्छाच कमी पडली, कारण मनापासून झटणाऱ्याला यश मिळतंच. खाली उगवता सूर्य आणि जोडलेले हात. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार मजकुराबद्दल आहे.

आधी तो २१चा आकडा. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपलासा वाटायला रुग्णांना कमीत कमी २१ दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी १९६०च्या एका पुस्तकात नोंदवलं. ते डॉक्टरांचं निरीक्षण होतं, प्रयोग नव्हे. पुढे हातोहाती फिरताना त्यातलं ‘कमीत कमी’ गळलं, रुग्ण गळले, आणि उरला तो नियम.

सवय लागायला किती दिवस लागतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष तपासलं. ९६ जणांनी एकेक नवी गोष्ट निवडली. कुणी जेवणासोबत फळ खायचं, कुणी पाणी प्यायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पळायचं. ८४ दिवस ते रोज नोंद करत राहिले: केलं का, आणि करताना किती आपसूक झालं. मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा. खरी गंमत त्याच्या दोन टोकांत आहे: कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. ग्लासभर पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला वेळ लागला. (आता ‘६६ दिवसांचा नियम’ही फिरायला लागलाय. तोही नियम नाही. ज्यांच्या नोंदींचा आलेख नीट जुळला अशा ३९ जणांवरून काढलेला तो आकडा आहे.)

मग एकविसाव्या दिवशी ज्याला अजून अंथरूण सोडताना जिवावर येतं, त्याचं काहीही बिघडलेलं नाही. पण मेसेज त्याला सांगतो की बिघडलंय.

एक दिवस चुकला की शून्य? त्याच अभ्यासात एखादी खेप चुकल्याने फारसा फरक पडलेला दिसला नाही. नुकसान करतो तो शून्याचा नियमच. बुधवारी पाऊस आला म्हणून फिरणं राहिलं, की गुरुवारी जायचं सोडून माणूस म्हणतो, ‘आता सोमवारपासून.’ सोमवारी पाहुणे येतात. मग ‘एक तारखेपासून’.

येलची गोष्ट तर निव्वळ थाप आहे. १९५३च्या तुकडीतल्या ३ टक्के विद्यार्थ्यांनी म्हणे ध्येयं लिहून ठेवली होती आणि २० वर्षांनी त्या तीन टक्क्यांची कमाई उरलेल्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त निघाली. असा अभ्यास कधी झालाच नव्हता, असा खुलासा खुद्द येलच्या ग्रंथालयाने केला आहे. हल्ली याच गोष्टीत येलऐवजी हार्वर्ड घालून पाठवतात.

पहाटे पाचबद्दल एवढंच, की बदलापूरहून सकाळच्या लोकलने फोर्टात कामाला जाणारी बाई पाचला डबे भरत असते. उठण्याचं आणि यशाचं तसं थेट नातं असतं, तर ती एव्हाना त्या ऑफिसची मालकीण झाली असती.

आता इच्छाशक्ती. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक काम दिलं: नाताळची संध्याकाळ कशी घालवली ते ४८ तासांत लिहून पाठवायचं. अर्ध्यांना एवढंच सांगितलं. उरलेल्यांकडून कुठे बसून आणि कधी लिहिणार, हेही ठरवून घेतलं. पहिल्या गटातल्या साधारण एक तृतीयांश मुलांनी वेळेत लिहिलं, दुसऱ्या गटात हे प्रमाण दोन तृतीयांशांच्या पुढे गेलं. इच्छा दोन्हीकडे सारखीच होती. फरक जागा आणि वेळ ठरवण्याचा होता. ‘रोज वाचन करीन’ हा संकल्प पाडव्यासोबतच संपतो. ‘रात्री भांडी आवरली की बाल्कनीतल्या खुर्चीत दहा पानं’ हा टिकण्याची शक्यता जास्त, कारण भांडी रोज आवरावीच लागतात. कागदावर लिहायचंच असेल तर हे लिहावं.

‘निग्रही’ म्हणून ज्यांचं कौतुक होतं, ती माणसंही मोहाशी तासन्‌तास झुंजत बसलेली क्वचितच दिसतात. त्यांच्या घरात फरसाणाचा डबाच नसतो, आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो.

राहता राहिला शेवटचा मुद्दा, मनापासून झटणाऱ्याला यश मिळतंच हा. मेसेजमधलं सगळ्यात दुष्ट वाक्य हेच, कारण ते जातं पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेल्या मुलाच्या फोनवर. यूपीएससीच्या २०२३च्या नागरी सेवा परीक्षेला १०,१६,८५० अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले १४,६२४, मुलाखतीपर्यंत २,८५५, आणि शिफारस झाली १,०१६ जणांची. परीक्षेला बसलेल्या सगळ्यांच्या सगळ्यांनी पहाटे पाचला उठून, एकही दिवस न चुकवता, जीव तोडून अभ्यास केला असता तर यादीत किती नावं लागली असती? तेवढीच, १,०१६. जागा आयोगाकडे जितक्या कळवलेल्या असतात त्यापेक्षा जास्त भरत नाहीत. उरलेल्या पाच लाख एक्याण्णव हजारांना त्यांच्या इच्छेत खोट होती असं सांगणाऱ्याने आधी ही वजाबाकी करून पाहावी.