जिवाणू अन्नाकडे ‘वळत’ नाही

‘साखरेचा थेंब टाकला की जिवाणू वास घेतो आणि थेट तिकडे वळतो,’ अशी चित्रफीत सध्या फिरते आहे. जिवाणू थेंबाभोवती जमतात हे खरं, पण ‘वळतो’ हे चूक. ई. कोलाय हा आतड्यात राहणारा जिवाणू जेमतेम 2 मायक्रोमीटर लांब असतो. पुढच्या-मागच्या टोकांपाशी अन्न किती, याची तुलना तो करत नाही. काही क्षणांपूर्वी किती होतं आणि आता किती आहे, एवढंच तो ताडून पाहतो.

त्याच्या कशाभिका (पोहायला लागणारे शेपटीसारखे धागे) घड्याळाच्या उलट फिरल्या की त्यांची जुडी बनते आणि तो सुमारे 1 सेकंद सरळ धावतो. एखादी जरी घड्याळाच्या दिशेने फिरली की जुडी विस्कटते, 0.1 सेकंदाची गटांगळी बसते आणि नवी दिशा मिळेल ती! अन्न वाढत असेल तर गटांगळी लांबणीवर पडते, धाव लांबते. बस्स.

स्वतः पाहायचं असेल तर जिवाणू ग्लुकोजयुक्त माध्यमात वाढवू नका, कशाभिका फार कमी बनतात. जोरात ढवळलं तर त्या तुटतात. साखरेचं द्रावण भरलेल्या केशनलिकेशेजारी (बारीक काचनळीशेजारी) तुलनेसाठी नुसत्या बफरची, म्हणजे साखर नसलेल्या त्याच द्रावणाची, नलिकाही हवीच. आणि सगळेच एका दिशेने सरकताना दिसले, तर तो बहुधा काचपट्टीवरचा प्रवाह असतो.