‘फक्त इंडियन फॅमिली’ असं टाकण्याआधी

अमेरिकेतल्या आपल्या मराठी ग्रुपांवर भाड्याच्या घरांच्या जाहिराती सारख्या पडत असतात. साचा ठरलेला: “बेसमेंट, स्वतंत्र एन्ट्रन्स, वॉशर-ड्रायर. फक्त इंडियन फॅमिली. लहान मूल नसलेलं कपल असल्यास उत्तम.” खाली लगेच ‘डीएम केलंय’ची रांग.

मंडळी, ही जाहिरात बेकायदेशीर आहे, आणि तीही दोनदा. ‘इंडियन’ म्हटलं की मूळ देशावरून निवड झाली. ‘मूल नको’ म्हटलं की मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला दार बंद. घर विकताना-भाड्याने देताना भेदभावाला बंदी घालणाऱ्या फेअर हाउसिंग ॲक्ट या फेडरल कायद्याला दोन्ही चालत नाही.

मध्यंतरी एका ग्रुपवर हे लिहिलं, तर पहिलंच उत्तर आलं: “घर माझं, हप्ते मी भरतो, कोणाला ठेवायचं ते सरकार सांगणार का?”

बऱ्याच अंशी, हो. मालक स्वतः राहत असलेल्या आणि चारपेक्षा जास्त बिऱ्हाडं नसलेल्या घराला या कायद्यात सूट आहे, हे खरं. पण ती सूट जाहिरातीला नाही. बेसमेंट कोणाला द्यायचं यात थोडी मोकळीक असेल, पण ‘फक्त अमुकच’ असं छापायची किंवा व्हॉट्सॲपवर टाकायची मोकळीक नाही. वंशावरून नाकारायला तर तीही पळवाट नाही, कारण १८६६ चा नागरी हक्क कायदा बिऱ्हाडं मोजत बसत नाही. शिवाय कितीतरी राज्यांचे कायदे याहून कडक आहेत. (एकच किचन-बाथरूम वापरायला रूममेट शोधणाऱ्या मुलीने ‘मुलगीच हवी’ लिहिलं तर ते चालतं. त्यावरून कॉमेंटमध्ये भांडू नका.)

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हा कायदा म्हणजे गोऱ्या-काळ्यांचं जुनं प्रकरण, आपला काय संबंध, असा आपल्यातल्या पुष्कळांचा समज असतो. पण वैष्णो दास बगई यांचंच बघा. ते १९१५ साली भारतातून पत्नी कला आणि मुलांना घेऊन कॅलिफोर्नियात आले. पुढे बर्कलीत त्यांनी घर विकत घेतलं. सामानाने भरलेले ट्रक घेऊन कुटुंब राहायला गेलं, तर शेजाऱ्यांनी घर कुलूपबंद करून टाकलेलं. आपल्याच घराला, दुसऱ्यांचं कुलूप! कलाबाईंनी तिथल्या तिथे नवऱ्याला सांगितलं की मला या वस्तीत राहायचं नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने नागरिकत्वासाठी भारतीयांना ‘गोरे’ मानायला नकार दिला, त्यामुळे बगईंचं मिळालेलं नागरिकत्वही गेलं आणि मालमत्ताही विकावी लागली. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

त्या काळातल्या खरेदीखतांत ‘एशियाटिक’ माणसाला इथे राहता येणार नाही अशी कलमं असायची. ती कोर्टाकडून अमलात आणता येणार नाहीत, हे ठरायला १९४८ उजाडलं. घरांच्या विक्रीत आणि भाड्यात भेदभावाला बंदी आली ती त्यानंतर वीस वर्षांनी: ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि ११ तारखेला अध्यक्ष जॉन्सन यांनी रखडलेल्या या फेअर हाउसिंग ॲक्टवर सही केली. स्त्री-पुरुष भेदाची भर पडली १९७४ मध्ये, अपंगत्व आणि मुलंबाळं आली १९८८ मध्ये.

आता कुलूप कोणी लावत नाही. गोड आवाजात “अय्यो, कालच गेलं हो” म्हणतात. खरंच गेलं की आपला ॲक्सेंट ऐकून गेलं, हे एकट्या माणसाला कळायचं कसं? म्हणून इथे टेस्टर पाठवतात, म्हणजे भेदभाव होतो का हे तपासायला गिऱ्हाईक बनून चौकशी करणारी माणसं. व्हर्जिनियात रिचमंडजवळ १९७८ मध्ये एक काळी बाई आणि एक गोरा माणूस असे दोन टेस्टर एकाच कंपनीकडे अपार्टमेंटची चौकशी करायला गेले. तिला सांगितलं, काही शिल्लक नाही. त्याला सांगितलं, आहेत की. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८२ मध्ये कोर्ट म्हणालं की तिला घर घ्यायचंच नसलं तरी खोटी माहिती मिळाली हीच तिची हानी, ती दावा लावू शकते. माझ्या मते या सगळ्या कायद्याला दात आले ते या निकालाने.

घर घेतानाही आपण एजंटला हमखास विचारतो, “या एरियात आपले लोक किती?” तो उत्तर टाळतो आणि आपण म्हणतो, काय शिष्ट माणूस आहे! अहो, तो लायसन्स सांभाळतोय. गिऱ्हाइकाचा वंश बघून त्याला अमुक वस्तीकडे वळवणं, याच धंद्यावर इथली शहरं वर्षानुवर्षं वाटली गेली. सेन्ससचे आकडे उघडे आहेत, स्वतः बघा.

‘फक्त शाकाहारी’ लिहिलेलं चालतं का, असं विचाराल, म्हणून आधीच सांगतो. कशावरून भेदभाव करायचा नाही याच्या फेडरल यादीत आहार नाही. पण शाकाहाराच्या आडून अमुक धर्माचाच माणूस हवा, हे तुमच्या मेसेजेसमधून दिसलं तर प्रकरण अंगाशी येईल. उत्पन्न, क्रेडिट स्कोअर, आधीच्या घरमालकाचा अभिप्राय हे जरूर तपासा, फक्त येणाऱ्या प्रत्येकाला तीच चाळणी लावा. आणि ज्यांना नकार मिळालाय त्यांनी फोनची वेळ, मेसेज, स्क्रीनशॉट जपून ठेवा. फेडरल गृहनिर्माण खात्याकडे एका वर्षाच्या आत तक्रार करता येते, फी लागत नाही. थेट फेडरल कोर्टात जायला दोन वर्षांची मुदत आहे.

ॲडमिन लोकांनो, ‘राजकारण नको, गुड मॉर्निंग नको’ हे नियम पिन केलेले असतातच. त्यात ‘घराच्या जाहिरातीत फक्त अमुकच नको’ ही एक ओळ घाला आणि अशा जुन्या पोस्ट टाकणाऱ्यांना आजच फोन करून त्या काढायला लावा.