माझा मुलगा गोलकीपर आहे, आणि तो अजून वीसचाच आहे

परवा एका साखरपुड्यात पुन्हा तोच विषय निघाला. "काय गं, पोरगा अजून फुटबॉलच खेळतो का? वीस पूर्ण झाली ना त्याला? एवढ्यात कुठे लागला नाही म्हणजे आता कसलं होतंय." विचारणाऱ्या माझ्या मामेसासूबाई. माझ्या बाळंतपणात दीड महिना माझ्यासाठी राबलेलं माणूस, त्यांना उलट काय बोलणार? गप्प बसले. पण दोन रात्री तेच डोक्यात घोळतंय, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, वेळ काढून वाचा.

मैदानावर पोरं गोलकीपरला गोली म्हणतात. माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना गोली झाला, तेही उंच होता म्हणून कुणीतरी "तू मागे थांब" म्हणालं तेव्हा. तेव्हापासून नऊ वर्षं मी त्या जाळीच्या मागे उभी आहे. पहाटे साडेपाचला इंदिरानगरहून गाडी काढायची, तो खेळतोय तोवर थांबायचं, घरी येऊन डबे करायचे आणि नऊच्या आत सातपूरला कामावर पोचायचं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. त्या थंडीत ओले ग्लोव्हज हातात चढवणारं पोर बघितलं की पोटात कालवतं. ग्लोव्हज मुद्दाम ओले करावे लागतात, कारण तळव्याचं लॅटेक्स कोरडं असलं की चेंडू निसटतो. धुतले की पिळायचे नाहीत, उन्हात टाकायचे नाहीत, नाहीतर तडे जातात. आमच्या गॅलरीत एक दोरी फक्त त्यांच्यासाठी बांधलेली आहे.

गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. आमच्या फ्लॅटचा हॉल आणि किचन यांची भिंत सलग धरली तर जेमतेम तेवढी होईल. तेवढ्या भिंतीपुढे एकटं पोर उभं असतं.

त्याला खरं शिकवलं ते एका निवृत्त सुभेदारांनी. देवळालीला नोकरी झाली आणि इथेच राहिले. सगळे त्यांना सुभेदारकाका म्हणायचे. त्यांनी पहिले पंधरा दिवस चेंडूला हातच लावू दिला नाही. गोलसमोरचे खडे वेचायला लावले. आपली मैदानं मुरमाची, तिथे अंग टाकायचं म्हणजे कातडी सोलूनच निघते. मग पडायला शिकवलं. आधी पोटरी, मग मांडी, मग कंबर, मग खांदा, पण कोपर कधीच नाही. तरी त्या वर्षभर कमरेवरची खपली रोज चादरीला चिकटायची आणि सकाळी उठताना तो दात आवळून ती सोडवायचा. एकदाही म्हणाला नाही की आई, मला पुढे खेळायचंय. काका म्हणायचे, "हात सगळ्यांनाच असतात. चेंडूच्या आधी पाय पोचले पाहिजेत." चार वर्षं त्यांनी एक रुपया घेतला नाही.

आता निवड चाचणीबद्दल. हे मला फार दिवसांपासून सांगायचं होतं.

गेल्या वर्षी एका मोठ्या शहरात चाचणी होती. क्लबचं नाव घेत नाही, कारण ही एका क्लबची गोष्ट नाही, इतर गोलींच्या आयांकडूनही मी हेच ऐकलं आहे. रात्रीच्या बसने गेलो. दोनशेच्या आसपास पोरं, त्यात चौदा गोली. संघ पाडले आणि प्रत्येकाला वीस मिनिटं. माझ्या मुलाच्या वीस मिनिटांत गोलवर एकही फटका आला नाही. दोन-तीन बॅकपास, म्हणजे आपल्याच पोरांनी मागे दिलेले चेंडू, आणि एक क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर टाकलेला चेंडू, तो त्याने वरच्या वर धरला. संपलं. संध्याकाळी यादी वाचली, त्यात त्याचं नाव नव्हतं.

मी जाळीमागे होते, म्हणून मला एक गोष्ट ऐकू आली. समोरचा विंगर, म्हणजे कडेने खेळणारा, आत शिरत होता तेव्हा हा ओरडला, "डावीकडे! माणूस घे!" आमच्या बाजूचा बचाव करणारा पोरगा सरकला, वाट बंद झाली, विंगरने चेंडू मागे फिरवला. फटका बसलाच नाही. तो फटका माझ्या मुलाने अडवला होता, फक्त हात न लावता. निवड करणारे मध्यरेषेजवळ खुर्च्या टाकून बसले होते. तिथवर आवाज पोचत नाही आणि कागदावर असल्या गोष्टीला रकानाही नसतो.

फॉरवर्डला, म्हणजे पुढे राहून गोल करणाऱ्याला, वीस मिनिटांत पंधरा वेळा चेंडू मिळतो, चुकला तर पुन्हा मिळतो. गोलीला त्याच तराजूत तोलून कसं चालेल? त्यांची चाचणी वेगळी घ्या. अर्धा तास द्या, क्रॉस टाका, एकट्या फॉरवर्डला त्याच्या समोरासमोर सोडा, पायाने पास द्यायला लावा. आणि बघायला असा माणूस बसवा ज्याने स्वतः कधीतरी गोल राखलाय. याला पैसा लागत नाही.

आता वयाचं. १९९२ साली जन्मलेले दोन गोलकीपर मी घरात सगळ्यांना सांगून सांगून थकले आहे.

एक एमिलियानो मार्टिनेझ. अर्जेंटिनाचं पोर, सतराव्या-अठराव्या वर्षी घर सोडून इंग्लंडला आर्सेनल क्लबकडे गेलं. तिथे दहा वर्षं! त्या दहा वर्षांत त्याला सहा क्लबांकडे उसनं पाठवलं. २०२० मध्ये पहिल्या गोलीला दुखापत झाली तेव्हा कुठे जागा मिळाली, वय सत्तावीस. देशाकडून पहिला सामना खेळला तो अठ्ठावीसाव्या वर्षी. आणि १८ डिसेंबर २०२२ ची रात्र तर आपण सगळ्यांनीच जागवली होती. वर्ल्डकपची फायनल ३-३, जादा वेळही संपत आलेला, फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर, आणि मार्टिनेझने डावा पाय ताणून तो चेंडू अडवला. मेस्सीच्या हातातला कप त्या पायामुळेही आहे. त्याला कुणी विसाव्या वर्षी "आता कसलं होतंय" म्हटलं असतं तर?

दुसरा आपला गुरप्रीत सिंग संधू. २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडे गेला. तिथल्या लीगमधला पहिला सामना मिळाला २०१६ मध्ये. बर्फात, परक्या देशात, बाकावर बसून जवळजवळ दोन वर्षं सराव. त्याच गुरप्रीतने १० सप्टेंबर २०१९ ला दोह्यात आशियाई विजेत्या कतारला एकही गोल करू दिला नाही. नेहमीचा कर्णधार सुनील छेत्री त्या दिवशी आजारी होता आणि कर्णधार गुरप्रीतच होता.

गोली उशिरा पिकतो, कारण त्याची जागा एकच असते. फॉरवर्ड साठाव्या मिनिटाला बदलतात, गोली मात्र दुखापत झाली किंवा लाल कार्ड मिळालं तरच बदलतो. दुसऱ्या क्रमांकाचा गोली अख्खा हंगाम रोज तेवढाच घाम गाळतो आणि एक मिनिटही न खेळता घरी जातो. शिवाय कुठे उभं राहायचं, कधी पुढे यायचं, हे शेकडो सामने अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. पण एकदा पिकला की टिकतोही. इटलीचा डिनो झॉफ १९८२ चा वर्ल्डकप जिंकला तेव्हा चाळीस वर्षांचा कर्णधार होता. इटलीचाच बुफॉन पंचेचाळीसाव्या वर्षी थांबला.

घरच्यांची काळजी खोटी नाही, हेही सांगते. २०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आपल्या देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगचा, हंगामच अधांतरी लटकला, आणि पुढे काही क्लबांनी पगार थांबवले. ती बातमी वाचली त्या रात्री यांनी आणि मी बराच वेळ बोललो. म्हणून मुलगा बी.कॉम.ही करतोय, संध्याकाळी लहान पोरांना शिकवून ग्लोव्हजचे पैसे काढतोय. आम्ही डोळे झाकून उडी मारलेली नाही. पंचविसाव्या वर्षापर्यंत आम्ही त्याला हा प्रश्न विचारणार नाही, एवढं मात्र दोघांनी ठरवलंय. तुम्हीही विचारू नका, ही हात जोडून विनंती.

आपल्या जिल्ह्याला तर हे कळायला हवं. चांदवडच्या दुष्काळी भागातल्या तळेगाव रोहीचा नौकानयनपटू दत्तू भोकनळ. वल्हं हातात घेतलं तेच मुळी सैन्यात गेल्यावर, विशी उलटल्यावर. आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला पोचला.

सैन्याचा विषय निघालाच आहे तर शेवटचं. भारताचा पीटर थंगराज, ज्याच्या काळात आपण १९६२ च्या आशियाई खेळांचं सुवर्ण जिंकलो, तो सैन्यातूनच घडलेला गोली. आमचे सुभेदारकाका मागच्या दिवाळीत मुलाकडे साताऱ्याला कायमचे राहायला गेले. तेव्हापासून आमच्या मैदानावरच्या सहा गोलींना शिकवायला कुणी नाही. संघाचे सर चांगले आहेत, पण ते स्वतः मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मध्यात खेळणारे, होते आणि वीस पोरं एकटे सांभाळतात. गोली एका कोपऱ्यात एकमेकांना चेंडू फेकत बसतात. त्यातला सगळ्यात छोटा दहा वर्षांचा आहे आणि अजून कोपरावर पडतो.

नाशिकरोड, देवळाली कॅम्प, भगूर, कुठेही तुमच्या ओळखीत कुणी असेल, ज्याने कधीकाळी पलटणीकडून, कॉलेजकडून, कंपनीकडून गोल राखलाय, तर त्यांना ही पोस्ट दाखवा. वय कितीही असो, पळावं लागणार नाही. रविवारी सकाळी साडेसहा ते साडेसात, फक्त एक तास. मला मेसेज करा, घरून न्यायला-सोडायला मी येईन. चेंडू आहेत, आणि गोलसमोरचे खडे पोरं शनिवारीच वेचून ठेवतील.