समुद्र ‘काही वर्षांतच’ सावरला नव्हता

खानापूरला राहणारी माझी भाची नववीत शिकते. विज्ञानाच्या निबंधासाठी तिने वहीत उतरवून घेतलेला मजकूर गेला महिनाभर बेळगाव-निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे आणि मलाही तो तीनदा आला आहे. त्याचे म्हणणे असे : समुद्रातील जीव आजवर पाच वेळा नष्ट झाले, दर वेळी काही वर्षांतच दुप्पट होऊन परतले, शार्क तर पाचही वेळा वाचला, तेव्हा प्रवाळ मेले म्हणून गळा काढणे हा शास्त्रज्ञांचा धंदा आहे. एरवी मी असल्या गोष्टींकडे दुर्लक्ष करतो, पण पोरीच्या वहीत ते पाहिल्यावर राहवले नाही.

‘पाच वेळा’ हे बरोबर आहे. ‘नष्ट झाले’ हे नाही, कारण सगळेच नष्ट झाले असते तर परतायला उरले कोण असते?

खरा घोळ ‘काही वर्षांतच’ या शब्दांत आहे. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन कालखंडाच्या अखेरीस, सायबेरियातील प्रचंड ज्वालामुखी उद्रेकांमुळे समुद्र तापला, पाण्यातील प्राणवायू घटला आणि समुद्री जातींपैकी ८० टक्क्यांहून अधिक जाती संपल्या. त्यानंतर काय झाले याचा आढावा वुहानचे चेन आणि ब्रिस्टल विद्यापीठाचे मायकल बेंटन यांनी २०१२ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये घेतला आहे. अमोनाइटांच्या, म्हणजे गुंडाळलेल्या शंखात राहणाऱ्या प्राण्यांच्या, कुळासारखे काही गट दहा-वीस लाख वर्षांत पुन्हा फोफावले. परंतु तळाच्या जीवांपासून मोठ्या शिकारी प्राण्यांपर्यंत अन्नसाखळी उभी राहायला ८० ते ९० लाख वर्षे लागली, कारण उष्म्याचे आणि प्राणवायूच्या टंचाईचे तडाखे पहिल्या संकटानंतरही ५० ते ६० लाख वर्षे अधूनमधून बसतच राहिले. आपली मनुष्यजात उणीपुरी तीन लाख वर्षांची आहे, हे ‘काही वर्षे’ लिहिणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

‘परतले’ हा शब्द तर त्याहून फसवा आहे. ट्रायलोबाइट, म्हणजे समुद्रातले कठीण कवचाचे प्राचीन संधिपाद प्राणी, परतले नाहीत. त्या काळी असलेली प्रवाळांची दोन्ही मोठी कुळे कायमची गेली; आज ज्यांना आपण प्रवाळ म्हणतो ते वेगळ्याच कुळातले असून पर्मियननंतरच्या ट्रायासिक कालखंडाच्या मध्यावर दिसू लागतात, आणि तोवर लाखो वर्षे समुद्रात प्रवाळांची बेटे नव्हती. समुद्रतळावर ज्यांचे राज्य होते ते ब्रॅकिओपॉड, म्हणजे दिसायला शिंपल्यांसारखे पण नात्याने निराळे प्राणी, मागे पडले आणि त्यांची जागा शिंपल्यांनी घेतली. चोर्ला घाटातून बेळगावच्या बाजारात येणाऱ्या तिसऱ्या याच शिंपल्यांच्या वंशातल्या आहेत. ज्याची जागा दुसऱ्याने घेतली तो परतला असे कोणी म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. पाचव्या वेळी, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे अशनी आदळून जे विवर झाले, त्यात काही वर्षांतच जीव वावरू लागले होते आणि तीसेक हजार वर्षांत तिथला समुद्र पुन्हा सुपीक झाला होता, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. ‘काही वर्षे’ बहुधा तिथूनच उचलली असावीत. पण ते जीव मुख्यतः सूक्ष्म प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे जीव, आणि तळ उकरणारे प्राणी होते, आणि त्याच प्लवकांच्या जातींची विविधता जगभरात भरून यायला सुमारे एक कोटी वर्षे लागली.

‘दर वेळी दुप्पट’ याला आधार नाही. कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात समुद्रातील विविधता वाढत गेली, एवढेच खरे. शार्कांचे घराणे टिकले हेही खरे, पण घराणे टिकले म्हणून घरातले कोणी मेलेच नाही असे होत नाही. त्यांच्या कित्येक जाती त्या त्या वेळी संपल्या. ‘धंदा’ या शब्दाला उत्तर द्यावे असे मला वाटत नाही.

भाचीने ‘काही वर्षांतच’ खोडून ‘८० ते ९० लाख वर्षांत’ असे लिहिले आहे. शार्कचे वाक्य मात्र तिला फार आवडते, म्हणून ते अजून तसेच आहे.