म्युझियममधली पंगत आणि पक्याचं थकलेलं बिल

भाऊबीज झाली की आमच्या चिंचपोकळीच्या कट्ट्यावर एक नियम असतो, ज्याच्या घरी फराळ उरलाय त्याने आणायचा आणि बाकीच्यांनी नावं ठेवत ठेवत संपवायचा. शनिवारी मंग्याने कडबोळी आणली होती. ती फोडता फोडता विषय लंडनला कसा पोचला नीट आठवत नाही, बहुतेक नीलिमामुळेच, कारण 2025 च्या धनत्रयोदशीला ब्रिटिश म्युझियमने पैसे जमवायला जी गुलाबी पार्टी केली, तिचे फोटो ग्रुपवर तिनेच टाकले होते आणि खाली लिहिलं होतं, "धनत्रयोदशी अशी करतात, तुम्ही बसा चमचे घेत."

"आठशे माणसं, माणशी दोन हजार पौंड," मंग्या म्हणाला. "एका रात्रीत अडीच मिलियनच्या वर जमले. आणि आपली ईशा अंबानी को-चेअर. कौतुक करायचं सोडून तुमचं रडगाणं."

"आपली? परवा ओवाळायला आलेली काय तुला?" पक्या.

मंग्या कुठल्यातरी एजन्सीत 'ब्रँड एक्स्पीरियन्स' बघतो. म्हणजे नक्की काय करतो ते आम्हाला बारा वर्षांत कळलेलं नाही आणि वहिनींनाही कळलं असेल असं वाटत नाही. मंडळाच्या मिटिंगला हा माणूस आरतीला 'पीक एंगेजमेंट' म्हणाला होता. पक्याचा धंदा मात्र सगळ्यांना कळतो. मांडव, खुर्च्या, जेवण, वाढपी. लालबाग ते भायखळा कुठेही पंगत बसली तर त्यातल्या निम्म्या खुर्च्यांच्या पाठीवर पक्याच्या वडिलांचं नाव लाल रंगात रंगवलेलं सापडेल.

"पार्टीला कोण नाही म्हणतंय," नीलिमा म्हणाली. ती जेजे स्कूल ऑफ आर्टची, आता शाळेत चित्रकला शिकवते. "पण टेबलं मांडली कुठे, तर ग्रीसच्या पार्थेनॉन देवळावरून आणलेल्या मूर्तींसमोर. ग्रीस कधीपासून ते दगड परत मागतोय, हे म्हणतात 1816 ला पैसे मोजून घेतलेत, आणि ज्याने विकले त्याचे ते होते का हाच तर सगळा वाद. आणि त्याच्यासमोर तुम्ही जेवणार. ग्रीसच्या कल्चर मिनिस्टर बाई भडकल्या तर त्यात काय चुकलं?"

मंग्या म्हणाला दगडांना काय फरक पडतो.

"समज तू माझी बाईक ढापलीस," पक्याने कडबोळं खाली ठेवलं. "मी रोज तुझ्या दारात येऊन मागतोय. आणि एक दिवस तू तीच बाईक फुलं लावून भाच्याच्या वरातीत काढलीस आणि मला इन्व्हिटेशन पण नाही. बाईकला काय फरक पडतो, बरोबर, बाईकला नाही पडत."

इथे मंग्याने विषय पैशावर नेला. खरं सांगायचं तर ह्या एका बाबतीत तो अगदीच येड्यासारखं बोलत नव्हता. ब्रिटिश म्युझियम बघायला तिकीट नाही, कोणीही उठून आत जावं. मग लाईटबिल, पगार, गळकी छपरं हे सगळं कुठून भागवायचं? न्यूयॉर्कचं मेट म्युझियम बघा म्हणे, मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी गाला, 2025 ला एक तिकीट 75 हजार डॉलर, 31 मिलियन जमले, कपड्यांचा आख्खा विभाग त्यावर चालतो. जेवायला बसतात ती जागा म्हणजे इजिप्तहून दगड दगड सुटा करून आणलेलं देऊळ, पण ते निदान इजिप्तने स्वतःहून दिलेलं. इथवर ठीक होतं. पण मग तो "हेरिटेज ॲसेटला स्वेट करायला लागतं" असं म्हणाला आणि अण्णा हसले.

अण्णा म्हणजे वय वर्षं 74, मिलमधले. आमच्यात ते एकटेच असे की ज्यांना आम्ही अहो-जाहो करतो आणि ते आम्हाला गाढवा म्हणतात.

"घाम गाळायला लागतो दगडाला? गाढवा, राणीच्या बागेतल्या हत्तीला विचार."

हत्ती म्हणजे भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारातला दगडी. शाळेत असताना त्याच्यावर चढायला बघायचो, माळी ओरडायचा. घारापुरीचा तो. ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा नाव पडलं तोच. 1864 ला इंग्रज त्याला बोटीत घालून विलायतेला न्यायला निघाले, उचलताना पडला, तुकडे झाले, तेव्हा राहिला. मग ते तुकडे आले भायखळ्याला आणि पुढे 1914 मध्ये जोडले.

"म्हणजे तुटला म्हणून वाचला," नीलिमा.

"नाहीतर त्याच्यापुढे पण कोणीतरी ग्लास घेऊन सेल्फी काढला असता," पक्या म्हणाला, "आणि मंग्याने लाईक केला असता."

अण्णांची मग गाडी सुटली. आमच्या वेळी ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, 1975 ला भाऊ दाजींचं नाव दिलं, योग्यच केलं, कारण भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट ह्यांनी फिरून पैसे उभे केले म्हणून ते 1872 मध्ये उघडलं, नुसतं सरकारच्या खिशातून आलेलं दान नव्हतं ते. ("पावतीपुस्तक होतं का?" असं पक्याने विचारलं, कारण मंडळाच्या 2019 च्या पावतीपुस्तकावरून मंग्यावर अजून संशय आहे. तो विषय पाच मिनिटं चालला, इथे देत नाही.) मग पडझड, मग 2003 चा महापालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि बजाजांच्या फाउंडेशनचा करार, मग असं काही चकाचक केलं की 2005 ला युनेस्कोने पुरस्कार दिला. आणि पुढे तिथल्या कार्यक्रमांवरून नगरसेवकांनी ओरड केली ती आठवतेच सगळ्यांना.

"ओरडणारे स्वतः कुठे कुठे मांडव घालतात ते मला विचार," पक्या म्हणाला. "पण तरी. मला गणपतीत मांडवापायी रस्त्याला एक खड्डा पडला तर दंड. 2025 ला तर 15 हजार करत होते एका खड्ड्याला, बोंबाबोंब झाल्यावर परत 2 हजार. डांबराचा रस्ता, जो आधीच खड्ड्यात आहे. मग अडीच हजार वर्षांच्या घोड्याच्या नाकाला कोणाचा कोपर लागला तर डिपॉझिट किती कापणार? आहे रेट कुणाकडे?"

"इन्शुरन्स असतो," मंग्या.

"इन्शुरन्सचे पैसे येतील रे. नाक येईल का?"

मग मंग्याने पत्ता काढला की पार्टीच्या दुसऱ्याच दिवशी पॅरिसला लूव्रमध्ये दिवसाढवळ्या शिडीच्या ट्रकवरून चोर घुसून दागिने घेऊन गेले, तिथे कुठे पार्टी होती? उलट पार्टी असती तर शंभर बाउन्सर असते. आणि ब्रिटिश म्युझियममधून दोन हजारच्या आसपास वस्तू गायब, चोरीला गेलेल्या किंवा खराब झालेल्या, 2023 मध्ये कळलं, त्या काय पाहुण्यांनी पर्समध्ये घालून नेल्या? ह्यावर आम्ही जरा गप्प झालो, कारण उत्तर सुचेना. पक्या म्हणाला, "म्हणजे दिवसा पब्लिक नेणार, रात्री पार्टी घालणार, त्या मूर्तींनी झोपायचं कधी," आणि मंग्याचा मुद्दा तिथेच गेला. अन्याय झाला त्याच्यावर, मान्य आहे.

ह्यानंतर पक्याने जे सांगितलं त्यासाठीच खरं तर हे लिहायला घेतलं. त्याने एकदा एका म्युझियममध्ये काम केलंय. नाव घेत नाही, मोठ्या इव्हेंटवाल्याच्या हाताखाली सबकॉन्ट्रॅक्ट होतं, कोणत्या तरी कंपनीचा पन्नासावा की साठावा वर्धापनदिन. आधी दोन तास मिटिंग. गॅस नाही. मेणबत्ती नाही. भिंतीला खिळा सोडाच, टेप पण नाही. खरी फुलं नाहीत, फुलातून कीड येते. डीजेचा बेस नाही, काच हादरते.

"आणि रेड वाईन नको, व्हाईट चालेल," पक्या म्हणाला. "बरं म्हटलं. मग म्हणाले हळद नको, डाग जात नाही. मी म्हटलं मॅडम, मग आमच्याकडे दहीभात उरतो. तर त्यांनी लिहून घेतलं, दहीभात."

नीलिमा म्हणाली सगळं बरोबर आहे त्यांचं, तीनशे माणसं बंद हॉलमध्ये नुसती श्वास घेत उभी राहिली तरी हवेतला ओलावा वाढतो, त्यात मुंबई, कागदावरच्या चित्रांचे हाल होतात.

"बरोबरच आहे. मला पटलं. आपण लग्नात एवढे नियम पाळले असते तर अर्धे हॉल अजून नवे दिसले असते. माझं दुखणं वेगळंय. माझी बावीस पोरं, मागच्या गेटने आत, मागच्या गेटने बाहेर. मध्ये एक पडदा, पडद्याच्या पलीकडे म्युझियम. आमच्यातला एक पोरगा, गावावरून आलेला, त्याला बघायचं होतं. सिक्युरिटी म्हणाला उद्या तिकीट काढून ये. उद्या त्याला दुसरीकडे ड्युटी. आणि पाहुणे? चार तासांत एक माणूस, एक, चित्राकडे बघताना मी बघितला. तो पण फोनला रेंज शोधत होता."

कोणी काही बोललं नाही. मग नीलिमा म्हणाली, "भाऊ दाजीमध्ये ते मातीचे पुतळे आहेत ना काचेत, मुंबईतल्या जातीजमातींचे, धंद्यांचे..."

"तेच तर," पक्या म्हणाला. "काचेत ठेवला तर बघायला तिकीट. ट्रे देऊन उभा केला तर कोण बघत नाही."

आता इथे खरं तर चर्चा संपायला हवी होती. मलाही वाटलं की आता मंग्या गप बसेल. पण मंग्या तो मंग्या, तो म्हणाला, "ह्याच्यावर तर सोल्यूशन आहे, स्टाफसाठी एक क्युरेटेड वॉक," आणि आम्ही सगळे एकदम ओरडलो. पण अण्णा म्हणाले, थांबा रे, गाढव बरोबर बोलतंय. पार्टीवाल्याकडून भाडं घ्या, दाबून घ्या, आणि महिन्यातली एक संध्याकाळ आपल्यासारख्यांना उघडी ठेवा. आम्ही शिफ्ट सुटल्यावर कधी बघणार होतो? जेव्हा सुटायचो तेव्हा तेही बंद. मंग्याला इतका आनंद झाला की त्याने सगळ्यांना कटिंग सांगितला. हे क्वचित घडतं, त्यामुळे वर्ष, महिना लिहून ठेवावं असं आहे.

चहा येईपर्यंत विषय परत भरकटला. मंग्याने फ्रान्समधल्या व्हर्सायचं काढलं, त्या रेनॉ कार कंपनीच्या बॉसने, कार्लोस गोनने 2016 ला राजवाड्यात बायकोसाठी पार्टी केली, जुन्या काळचे पोशाख घातलेले लोक वगैरे, आणि जागेचं पन्नास हजार युरो भाडं त्याने भरलंच नव्हतं, कंपनीने म्युझियमला दिलेल्या पैशाच्या बदल्यात ती मिळालेली.

"तोच ना जो जपानमधून वाद्याच्या पेटीत बसून पळाला?" मी विचारलं.

"तोच."

"हॉलचं भाडं न देता पेटीत बसून पळाला," पक्या सावकाश म्हणाला आणि मंग्याकडे बघायला लागला. मंग्याला अंदाज आला, तो कडबोळ्याचा डबा आवरायला लागला.

"पक्या, आत्ता नको."

"तुझं लग्न कधी झालं रे?"

"पक्या."

"सतरा खुर्च्या. हळदीला नाचताना मोडल्या, तुझ्या मामाने तीन एकट्याने. आणि श्रीखंड ऐनवेळी वाढवून मागितलंस ते वेगळं. मी काय ग्रीस आहे का, दोनशे वर्षं मागत बसायला?"

नीलिमाला ठसका लागला. अण्णांनी विचारलं किती रक्कम आहे, पक्याने आकडा सांगितला, मंग्या म्हणाला व्याज धरलंयस तू, पक्या म्हणाला नाही, मूर्ती परत दे, व्याज सोडतो.

शेवटी ठरलं की वाद पुरे, एकदा सगळ्यांनी मिळून भाऊ दाजीला जायचं, शाळेनंतर कोणी नीट आत गेलेलं नाही, हत्तीलाही भेटू. शनिवार-रविवार पक्याला नाही, आता तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू. सोमवारी नीलिमाला शाळा. मंगळवारी अण्णांचा डॉक्टर. बुधवार सगळ्यांना जमत होता, अगदी मंग्यालाही हाफ डे मिळत होता, त्याने लगेच फोनमध्ये टाकलं, ग्रुपचं नाव पण बदलून 'म्युझियम वॉक' केलं.

"बुधवारी बंद असतं ते," टपरीवाला ग्लास उचलता उचलता म्हणाला.