आवडीच्या कामाचा खर्च

पुण्याजवळच्या चाकणहून परत आल्याला मला आता दोन वर्षे होतील, तरी बेळगावातल्या आमच्या शहापुरात कोणी भेटले की पहिला प्रश्न पगाराचाच असतो. ३८,००० रुपयांची नोकरी सोडून हा माणूस पुन्हा इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लाकूड तासायला का आला, हे अनेकांना कळत नाही. आणि ज्यांना कळले असे वाटते, ते 'शेवटी आवडीचे काम ते आवडीचे' असे म्हणून माझी पाठ थोपटतात. दोन्ही मंडळींचा माझ्याविषयी गैरसमज झाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

माझे काम पॅटर्नमेकरचे. फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतण्याच्या कारखान्यात, ज्या नमुन्यावरून वाळूचा साचा घेतात तो नमुना, म्हणजे पॅटर्न, आम्ही सागवानात किंवा ॲल्युमिनियममध्ये बनवतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण शंभराला एक या प्रमाणात आकसते, म्हणून ५०० मिलिमीटरच्या भागाचा पॅटर्न ५०५ चा करावा लागतो. जिथे पुढे मशीनवर कापून अचूक माप काढायचे असते तिथे आणखी दोन-तीन मिलिमीटर ठेवावे लागतात. आणि उभ्या बाजूंना किंचित उतार दिला नाही, तर पॅटर्न वाळूतून उचलताना साच्याची कड ढासळते. पंपाच्या केसिंगचे, म्हणजे बाहेरच्या कवचाचे, ड्रॉइंग कागदावर सपाट असते, पण आतली पोकळी कुठे वळते, कोअर, म्हणजे ती पोकळी राखणारा वाळूचा गाभा, कशावर टेकणार, पॅटर्नचे दोन भाग कोणत्या रेषेवर करायचे, हे सगळे आधी डोक्यात फिरवून पाहावे लागते. ते एकदा जुळले की जेवणाची सुट्टी झालेलीही कळत नाही. आता पुष्कळ पॅटर्न सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर होतात, हे खरे आहे. पण ती रेषा कुठून न्यायची, हे अजून माणसालाच ठरवावे लागते.

हे काम मी एका छोट्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षे केले. आम्ही सात माणसे होतो. वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी पीएफ सक्तीचा नसतो आणि दहापेक्षा कमी असतील तर ग्रॅच्युइटीही लागू होत नाही, त्यामुळे अकरा वर्षांनी मी निघालो तेव्हा हातात शेवटचा पगार आणि एक शर्टपीस एवढेच होते. पगार २२,००० होता. त्या अकरा वर्षांत मी खूश होतो, असे मी सगळ्यांना सांगत असे, आणि ते खोटे नव्हते. एका रात्री पतसंस्थेचा हप्ता पुन्हा चुकल्यावर पत्नी म्हणाली, "तुमच्या आवडीचा खर्च कोण भागवतंय, ते एकदा लिहून काढा की."

मी लिहून काढले. ती घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. महिन्याला सुमारे ७,००० मिळतात. मुलीची फी, वडिलांची औषधे आणि दिवाळीचे कपडे ही सगळी रक्कम त्या मशीनवरून आली होती, आणि लग्नसराईत ती रात्री एक वाजेपर्यंत बसत होती. आवड माझी होती आणि जागरण तिचे होते. हा हिशेब इतकी वर्षे मला दिसला नाही याचे कारण एवढेच की मी कामावरून समाधानाने घरी येत होतो, आणि समाधानी माणसाला कोणी काही विचारत नाही.

म्हणून मी चाकणला गेलो. आपल्या भागातून पुण्याकडे जाणे ही काही नवी गोष्ट नाही. कर्नाटकच्या सरकारी नोकरीसाठी कन्नडची परीक्षा आडवी येते, आणि ज्याला यंत्राचे काम येते त्याची पावले आपोआप हायवेला लागतात. तिथे क्वालिटीच्या टेबलावर एकाच प्रकारचे ब्रॅकेट दिवसभर गेजमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या साच्यात, घालून पाहायचे: बसले तर एका ट्रेमध्ये, नाही बसले तर दुसऱ्यात. काम कंटाळवाणे होते, पण कंटाळ्याने मी मेलो नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पीएफ कापला जात होता, पगार सातला खात्यावर येत होता, आणि पहिल्या नऊ महिन्यांत एकही हप्ता चुकला नाही.

मात्र पगाराचा आकडा ऐकणारे लोक पुढची वजाबाकी ऐकायला थांबत नाहीत. तिघांत मिळून घेतलेली खोली, मेस आणि महिन्यातून दोनदा घरी येणे-जाणे धरून ११,००० जात. २७,००० उरत, म्हणजे पूर्वीपेक्षा पाच हजार जास्त. कुटुंब तिकडे न्यावे म्हटले, तर दोन खोल्यांना १०,००० भाडे, आणि पत्नीची गिऱ्हाइके काही ट्रकमध्ये घालून नेता येत नाहीत; ती पंधरा वर्षांत शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून जमली आहेत. वडिलोपार्जित घर सोडून, तिचे उत्पन्न घालवून, मुलीचे बोर्ड बदलून आम्ही आधीपेक्षा गरीब झालो असतो. दहाव्या महिन्यात वडील न्हाणीत घसरून पडले आणि दवाखान्याच्या फेऱ्यांत तिचे शिवणकाम निम्म्यावर आले, तेव्हा माझे ते वरचे पाच हजारही बहुतेक तिथेच संपू लागले. चौदा महिने पुरे करून, पतसंस्थेचे कर्ज फिटल्यावर मी परतलो.

तेव्हा कृपा करून मला आवडीसाठी पगार सोडणारा म्हणू नका. मी परत आलो तो आकडेमोड करून, आणि येताना जुन्या जागी गेलो नाही. वीसच्या वर कामगार असलेले, पीएफ भरणारे पॅटर्न शॉप मिळेपर्यंत चाकण सोडायचे नाही, ही अट पत्नीने घातली होती. आता २८,००० मिळतात. जी तरुण मुले मला विचारतात त्यांना मी एवढेच म्हणतो की 'मनाला पटेल ते करा' हा सल्ला देणाऱ्याला त्याच्या घरचे भाडे कोण भरते ते आधी विचारा, आणि 'पुण्याला जा' म्हणणाऱ्याला हातात पडणारा नव्हे, घरी पोहोचणारा आकडा विचारा. आणि निर्णय घेताना जो जागरण करणार आहे त्याला समोर बसवा. मी अकरा वर्षे ते केले नाही.

मुलगी येत्या मार्चमध्ये एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकच्या दहावीच्या परीक्षेला, बसते. तिचा निकाल लागला की पुन्हा हिशेबाची वही काढायची, असे आमचे ठरले आहे. चाकणच्या सुपरवायझरचा नंबर मी अजून पुसलेला नाही.